दाजींनी मारलेला स्क्रू

थंडोबाने ताईसमोर, दाजींसमोर आणि दाताच्या एका परक्या डॉक्टरसमोर उभं राहून आपली चूक कबूल केली. मोठ्याने, घसा साफ करून, एकही सबब न सांगता.

असं काहीही झालेलं नाही. वरची ओळ चुकून लिहिली गेली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नये. एसीच्या बाबतीत थंडोबाची चूक होत नसते, हे त्या कुटुंबात सगळ्यांना ठाऊक होतं आणि आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

थंडोबा हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी शाळेची घंटा झाली की तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला बसायचा, म्हणून मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईने, हे नाव ठेवलं. पुढे त्याने एसी दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा नाव बदलायची गरजच पडली नाही. दुकानात भिंतीवर एक प्रमाणपत्र होतं आणि त्याच्याखाली थंडोबाचं स्टूल. वीस वर्षं त्याने लोकांच्या घरचे एसी लावले, काढले, धुतले आणि मुख्य म्हणजे त्यांच्याबद्दल मत दिलं. मत द्यायला त्याला मशीन उघडावं लागत नसे. दारातच उभा राहून, नाकाने हवा ओढून तो म्हणायचा, "गॅस गेलाय." बहुतेक वेळा गॅस गेलेलाच असायचा. माणूस बिघडतो तो असाच, बरोबर येऊन येऊन.

ताईचे यजमान म्हणजे दाजी. दाजी बस ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी रोज पन्नासेक अनोळखी माणसं इकडून तिकडे नेली आणि एकालाही इजा न होता उतरवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी लांबट व्हॅन घेतली, आत पलंग टाकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली, मागे छोटा जनरेटर ठेवला आणि तिचं मोटरहोम केलं. घरात तिला सगळे घरगाडी म्हणायचे. एवढा खटाटोप कशासाठी, असं शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, "आजवर पन्नास अनोळखी नेले. आता एकच ओळखीची न्यायचीय."

ती ओळखीची म्हणजे ताई. तिच्या कमरेच्या मणक्यात काहीतरी सरकलं होतं, अर्ध्या तासापेक्षा जास्त तिला बसवत नसे. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, उकाडा सोसायचा नाही म्हणून डॉक्टरांची ताकीद. आणि लेक राहायची तीन दिवसांच्या वाटेवर. लेकीला मुलगा झाला होता, तो आता बसायला लागला होता, आणि ताईने त्याला फक्त फोनच्या काचेत पाहिला होता. फोन धरला की नातू आजीला चाटायचा, म्हणजे काच चाटायचा. तेव्हा पलंगावर आडवी पडून, गारव्यात, ताई तीन दिवसांत नातवाजवळ पोहोचणार, असा बेत होता. बेतातला गारवा हा भाग थंडोबाकडे आला. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

त्याने तो थंडीच्या दिवसांत बसवला. गाडीच्या छतावर बाहेरून पेटीसारखा एसी, छताच्या आतल्या बाजूने झाकण. चालू केला, गार हवा आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थंडीच्या दिवसांत सगळेच एसी गार करतात, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. वाजवून घेणाऱ्याच्याही नाही.

मग ऊन तापलं. ताई-दाजी निघाले आणि अडीच तासांत परत आले. ताईचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता, ती उतरताना दाजींच्या खांद्यावर पूर्ण भार टाकून उतरली. एसी चालू होता. पाच-सात मिनिटं घरघरायचा, मग नुसता पंखा फिरायचा, मग पुन्हा घरघर. छतातून येणारी हवा आजारी माणसाच्या उच्छ्वासासारखी.

थंडोबाने पहिल्यांदा फोनवरूनच उपचार केले. "फिल्टर धुवा." दाजींनी फिल्टर शॅम्पूने धुतला. "वायर बारीक असेल, घरातून गाडीला जी जोडता ती." दाजींनी अंगठ्याएवढी जाड वायर आणली. "काचांतून ऊन येत असेल." दाजींनी पुढच्या काचेला चंदेरी पत्रा लावला, गाडी अवकाशात जाणार असल्यासारखी दिसू लागली. दार उघडं ठेवू नका म्हटल्यावर दाजी दार एवढं थोडं उघडून आत शिरू लागले की शर्टाची दोन बटणं गेली.

तरी गार होईना, तेव्हा थंडोबा स्वतः आला. दारात उभा राहिला. नाकाने हवा ओढली. आणि त्याला छताला लावलेला पडद्याचा दांडा दिसला.

"हा कुणी लावला?"

"मी," दाजी म्हणाले. "हिला दुपारी डोळ्यावर उजेड येतो ना, म्हणून पलंगापुढे पडदा..."

"ड्रिलने भोक पाडून स्क्रू मारलात?"

"हो."

"संपलं," थंडोबा म्हणाला. "पाईप फुटला. गॅस गेला. आता ह्याचं काही होत नाही, अख्खं मशीन टाकून द्यायचं."

एवढं बोलून तो थांबला असता तरी चाललं असतं. पण अंगणात ताई होती, शेजारीण होती, फोनवर लेक होती, आणि ऐकणारे असले की थंडोबाच्या मताला फांद्या फुटायच्या. तो म्हणाला, "बस चालवणं वेगळं आणि हे वेगळं, दाजी. सगळीकडे हात घालायचा नसतो."

दाजींनी स्क्रूकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं. जणू दोघांची ओळख नव्यानेच होत होती.

पुढचे अडीच महिने ताई बोलत राहिली. ती मुळात वाईट नव्हती, पण आडवं पडून राहणाऱ्या माणसाला बोलण्यापलीकडे काम काय? "हौस होती ना ड्रिलची! घ्या आता." नातवाला पहिला दात आला, "बघा, दात आला, आणि मी इथेच." दुसरा आला. दाजी दर दाताला मान खाली घालायचे. एक दिवस ते थंडोबाच्या दुकानात आले, पिशवीतून आपलं ड्रिल काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"तूच ठेव रे," ते म्हणाले. "माझ्या हाताला ते बरं नाही."

थंडोबाने ठेवून घेतलं. वर समजूतदारपणे मानही डोलावली. त्या मानेची आठवण पुढे त्याला जेवताना यायची आणि घास तोंडातच फिरायचा.

अखेर घरगाडी विकायची ठरली. घ्यायला एक दाताचा डॉक्टर तयार झाला. डॉक्टर व्यवस्थित माणूस होता. तो प्रत्येक गोष्ट बोटाने टकटक करून बघायचा, दार, शेगडी, टाकी, आणि आवाज ऐकून "हं" म्हणायचा, त्यामुळे गाडीलाच भूल दिल्यासारखं वाटत होतं. एसी नादुरुस्त आहे हे त्याला मान्य होतं. पण कागद हवा होता. त्याने स्वतः आखलेला एक फॉर्म दिला: यंत्राची स्थिती, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान, बिघाडाचं कारण, मेकॅनिकची सही. "उद्या दुपारी येतो," तो म्हणाला. "आकडे भरून ठेवा. अंदाजे नको."

अंदाजे नको. थंडोबाच्या वीस वर्षांच्या धंद्याला इतकं उद्धट कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो घरगाडीत गेला. ताई घरात पडून होती, दाजी अंगणात उलट्या बादलीवर बसले होते. "आत येता का?" थंडोबाने विचारलं. "नको," दाजी म्हणाले, "माझा हात कुठे लागायला नको." मेलेल्या मशीनला आणखी काय होणार होतं, पण ते बसूनच राहिले.

गाडीत छत्तीस अंश होते. थंडोबाने एसी लावला, खिशातून थर्मामीटर काढला, पलंगावर उभा राहिला आणि गार हवा येते त्या जाळीशी धरला. मशीन मेलेलं, गॅस गेलेला, तेव्हा तिथे पस्तीस-छत्तीसच येणार. तो फॉर्मवर पस्तीस लिहूनच वर चढला होता.

थर्मामीटर अकरा दाखवत होता.

त्याने थर्मामीटर झटकला. अकरा. शर्टाला पुसला. अकरा. अकरा अंशांची हवा गॅसशिवाय येत नाही. म्हणजे गॅस होता. म्हणजे पाईप फुटला नव्हता. थंडोबाला एकदम घाम आला, आणि हा घाम छत्तीस अंशांचा नव्हता.

मग त्याने छताच्या मधल्या जाळीशी थर्मामीटर नेला. इथून गाडीतली गरम हवा एसीत ओढली जाते. गाडी छत्तीस, तर इथेही छत्तीस हवं. तिथे तेरा होते.

थंडोबा पलंगावर तसाच उभा राहिला, मान वाकडी, डोकं छताला टेकलेलं. अकरा अंशांची हवा बाहेर पडून गाडीत जातच नव्हती. छताच्या आतच वळून, शेजारच्या तोंडातून पुन्हा एसीत शिरत होती. मशीन आपलीच गार फुंकर आपणच पीत होतं. आणि गाडी किती तापली हे पाहणारी काडी बसवलेली त्याच तोंडाशी, तेव्हा तिला वाटायचं, वा, तेरा झाले, गाडी गारेगार, आता विश्रांती. मशीन प्रामाणिक होतं. त्याला जे कळत होतं त्यावरून ते मत देत होतं. या बाबतीत थंडोबाला त्याच्याबद्दल थोडी जवळीक वाटली.

असं का व्हावं? त्याने चार स्क्रू काढून झाकण खाली घेतलं. वर एक चौकोनी पोकळी. एका बाजूला गार हवा सोडणारं तोंड, दुसऱ्या बाजूला गरम हवा ओढणारं. दोघांच्या मध्ये काहीच नाही. पण दोन्ही कडांना खाच होती. इथे काहीतरी बसायला हवं होतं. पत्र्याची एखादी पडदी, साधारण हातभर लांब, कडांना काळा फोम लावलेली.

पत्र्याची, हातभर लांब, कडांना काळा फोम लावलेली.

थंडोबा हळूच पलंगावर बसला.

अशी एक वस्तू त्याने पाहिली होती. एसी बसवला त्या दिवशी खोक्यातून निघाली होती. घरातल्या एसीत असलं काही नसतं, म्हणून त्याने ती पॅकिंग समजून बाजूला टाकली होती. सोबत चोवीस पानी माहितीपुस्तकही होतं, तेही त्याने पॅकिंगच समजलं होतं. पण पडदी दिसायला चांगली होती, टाकवेना. तो ती दुकानात घेऊन गेला. आणि तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यावरून चहा मिळत होता. फोममुळे कप सरकत नसत. दाजी ड्रिल द्यायला आले तेव्हा त्यांनाही त्याने तिच्यावरच चहा दिला होता, आणि एवढ्या दुःखातही दाजी म्हणाले होते, "ट्रे मस्त आहे रे. सांडत नाही."

शरमेला बसायला जागा लागते असं थंडोबाला आजवर वाटलं नव्हतं. आता ती कानाच्या पाळीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पसरून बसली, आणि तरी तिला जागा अपुरी पडत होती. कारण त्याला दुसरीही गोष्ट आठवली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. घरातल्या एसीत गॅसचा पाईप भिंतीतून जातो. घरगाडीत जातच नाही. सगळा गॅस वर, छताबाहेरच्या पेटीत. आत असतात ते नुसते हवेचे बोळ. पडद्याच्या दांड्याचा स्क्रू बोटभर लांबीचा. त्याने गॅसच्या पाईपपर्यंत पोहोचायचं म्हणजे आधी छत फोडून, वर चढून, पेटीचं झाकण उघडावं लागलं असतं. दाजींनी मारलेल्या स्क्रूमुळे काही बिघडणं शक्यच नव्हतं. बिघडायला तिथे काही नव्हतंच.

अंगणातून दाजींचा आवाज आला. "काही सामान हवंय का रे?"

"नको!" थंडोबा म्हणाला. आवाज चिरका आला. "दुकानात जाऊन येतो. एक पार्ट राहिलाय."

हे वाक्य शब्दशः खरं होतं, आणि तेच त्याने त्या दिवशी बोललेलं शेवटचं खरं वाक्य ठरतंय की काय, अशी पाळी आली होती. दुकानात ट्रेवर दोन अर्धे कप होते. ते उतरवून त्याने पडदी धुतली. कपांच्या बुडांचे तपकिरी गोल काही केल्या निघेनात. फडक्याने घासले, पावडरने घासले, शेवटी नखाने खरवडले. मग त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळली, काखेत धरली आणि चोराने चोरीचा माल परत करायला जावं तसा परतला.

बसवायला बारा मिनिटं लागली.

चाळीस मिनिटांत गाडी छत्तीसवरून तेवीसवर आली. ताई काठी टेकत येऊन पाहते तो अंगावर काटा! तिने पलंगावर अंग टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं बाई. अगं बाई गं."

"काय केलंस रे?" तिने डोळे न उघडता विचारलं.

थंडोबाच्या तोंडात खरं उत्तर तयार होतं. तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर आलं. "गॅस भरला. आणि... पाईप सांधला."

"माझा भाऊ तो!" ताई म्हणाली. मग दाराकडे तोंड करून ओरडली, "अहो, ऐकलंत का? तुम्ही फोडलेलं त्याने सांधलं! या, बघा तरी!"

दाजी दारापर्यंत आले. आतला गारवा त्यांच्या तोंडावर आला आणि ते हसले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. "शाब्बास रे," ते थंडोबाला म्हणाले. "नसता आलास तर काय झालं असतं." आत मात्र आले नाहीत. पायरीवर एक पाय ठेवून उभे राहिले, आपल्याच गाडीत पाहुण्यासारखे.

बरोबर दोनला दाताचा डॉक्टर आला. त्याने आत येऊन हवेत टकटक केल्यासारखं केलं. "हं," तो म्हणाला. "हे तर चालतंय."

"चालतंय ना!" ताई म्हणाली. "आता विकायची नाही आम्हाला. डॉक्टरसाहेब, माफ करा, पण आम्ही नातवाकडे चाललो."

"विकायची," दाजी म्हणाले.

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं.

"गाडी चांगली आहे," दाजी डॉक्टरला म्हणाले. "मालक चांगला नाही. मला सवय आहे कुठेतरी हात घालायची. आज ह्याने सांधलं. उद्या तीन दिवसांच्या वाटेवर, मध्येच, कुठे ओसाड जागी मी पुन्हा काहीतरी करून ठेवीन, आणि ही आत पडलेली असेल. तेव्हा मी काय करू? नको. तुम्ही घेऊन जा."

"अहो, असं काय करताय..." ताई उठू लागली.

"तू पडून राहा. मी ठरवलंय."

दाजी गाडी चालवताना निर्णय घ्यायचे तसा तो आवाज होता, शांत, पुढे बघून. अशा आवाजापुढे पन्नास प्रवासीही गप्प बसायचे. डॉक्टरने खिशातून पेन काढून थंडोबाला दिलं. "मग तेवढा फॉर्म पुरा करा. चालू झाला तरी कारणाचा रकाना राहिलाय."

थंडोबा घडीच्या टेबलाशी बसला. बिघाडाचं कारण. पुढे रिकामी ओळ, चांगली वीतभर. त्याने "मालकाने" असं लिहिलं. पेन थांबलं. समोर, पलंगाच्या वर, तो बिचारा स्क्रू होता, सरळ, नीट, डोकं बरोबर छताला टेकेल इतकाच आवळलेला. इतका व्यवस्थित स्क्रू थंडोबाने स्वतः आयुष्यात मारला नव्हता.

तो उठला. उठताना डोकं छतावर आपटलं. घसा साफ केला.

"मी," तो म्हणाला.

"काय मी?" ताई म्हणाली.

"मी बिघडवला. दाजींनी नाही. आत एक पत्र्याची पडदी लावायची असते, गार आणि गरम हवा वेगळी ठेवायला. मी ती लावलीच नव्हती. मला वाटलं पॅकिंग आहे. पुस्तक वाचलं नाही. पाईप फुटला नव्हता. गॅस गेला नव्हता. इथे पाईप नसतोच. मी झाकण उघडलंच नव्हतं. नुसता दारातून बोललो."

एसी आता अगदी सुरेख चालत होता.

ताईचे डोळे भरून आले. "किती मोठं मन रे तुझं," ती म्हणाली.

"अं?"

"ह्यांना बरं वाटावं म्हणून सगळं स्वतःवर घेतोस! डॉक्टरसाहेब, बघितलंत? असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

"ताई, मी खरं सांगतोय!"

"माहितीये मला तू किती खरं सांगतोस ते. बस, पाणी पी."

माणसाने खोटं बोलावं आणि पकडलं जावं, हे समजू शकतं. थंडोबा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून सुटला होता, आणि याहून कोंडल्यासारखं त्याला कधी झालं नव्हतं. त्याने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "हं."

मग दाजी आत आले. पायरीवरून वर, चपला बाहेर काढून. "पडदी दाखव," ते म्हणाले.

थंडोबाने पुन्हा चार स्क्रू काढले. झाकण खाली आलं. दाजींनी मान वर केली आणि बराच वेळ पाहिलं. पत्र्यावर तीन तपकिरी गोल होते, एकात एक अडकलेले. दाजींनी त्यातल्या एका गोलावर बोट ठेवलं.

"ह्याच्यावर मी चहा प्यायलोय," ते म्हणाले.

थंडोबाने मान हलवली.

ताईला आता कळलं. तिचा चेहरा आधी भावाकडे वळला, तोंड उघडलं, आणि थंडोबा तयार झाला. पण ती नवऱ्याकडे वळली. "मी बोलले हो तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "दर दाताला बोलले." आणि तिने उशीत तोंड लपवलं.

दाताचा डॉक्टर व्यवस्थित माणूस होता. त्याने आपलं पेन परत घेतलं, फॉर्मची घडी केली आणि जाताना पहिल्यांदाच दार टकटक न करता लावलं.

आता दाजी ओरडणार होते. थंडोबाने डोळे मिटले. त्याला ओरडणं हवं होतं, भुकेल्याला जेवण हवं असतं तसं. दोन थपडाही चालल्या असत्या. त्याने गालही थोडा पुढे केला.

"बरं झालं सांगितलंस," दाजी म्हणाले. "झाकण लाव. मग टाकीत पाणी भरायचंय, जरा नळी धर."

बस, एवढंच. थंडोबाने नळी धरली. तीनशे लिटरची टाकी भरेपर्यंत धरली. दाजी त्याच्या शेजारी उभे होते आणि रस्त्यांबद्दल बोलत होते, कुठे चढ आहे, कुठे सावली आहे, ताईला कुठे उतरवून चालवता येईल. एकदाही विषय निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी ते निघाले. निघायच्या आधी सकाळी थंडोबा ड्रिल परत द्यायला गेला. दाजींनी ते हातात घेतलं, जरा तोललं. ताईला पलंगाच्या डोक्याशी पिशवी टांगायला एक खुंटी हवी होती. दाजी पलंगावर चढले, जागा मोजली, पेन्सिलीने खूण केली, ड्रिलचं टोक खुणेवर टेकवलं. आणि थांबले. मान वळवून त्यांनी थंडोबाकडे पाहिलं.

"इथे मारलं तर चालेल ना रे?" त्यांनी विचारलं.

लाकडी फळी होती ती. नुसती फळी. मागे काहीही नव्हतं. एकतीस वर्षं ज्या माणसाने वळण घेताना कुणाला विचारलं नव्हतं, तो विचारत होता, आणि खरंच उत्तराची वाट बघत होता.

"चालेल," थंडोबा म्हणाला. "कुठेही चालेल, दाजी."

"नक्की ना?"

घरगाडी गेली. थंडोबा दुकानात आला, स्टुलावर बसला. तीन दिवसांनी लेकीचा फोन आला, आईबाबा पोहोचले, एसी झकास, आईने बाळाला पाच मिनिटं सोडलंच नाही. मामाला थँक यू. मामाने फोन ठेवला, भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाठ केली, दुकानाच्या नावाचा कागद घेतला आणि खालील मजकूर सुवाच्य अक्षरांत लिहून, पाकिटात घालून, पोस्टात टाकला.

प्रति,
मा. दाजी,
मुक्काम घरगाडी (जिथे उभी असेल तिथे)

विषय: अर्जदारास झापण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय कळवण्यात येते की, अर्जदाराने अडीच महिने आपणांस निष्कारण दोषी ठरवले असून त्याबद्दल आपल्याकडून आजतागायत कोणतीही कारवाई झालेली नाही. पाण्याची नळी धरण्यास सांगणे ही कारवाई समजता येत नाही. तरी आपल्या सोयीच्या दिवशी, शक्यतो ताईच्या व शेजारणीच्या उपस्थितीत, अर्जदारास किमान पंधरा मिनिटे, मोठ्या आवाजात झापण्यात यावे. वेळ अपुरी पडल्यास ती वाढवण्यास अर्जदाराची हरकत नाही.

तसेच, भोक पाडण्यापूर्वी अर्जदारास विचारण्याची आपण नव्याने सुरू केलेली पद्धत तात्काळ बंद करण्यात यावी आणि मागील अडीच महिने आपल्या हातांच्या सेवाकाळातून वगळून आपले हात पूर्वीच्या पदावर पूर्ववत रुजू करून घ्यावेत.

अर्जाचा सहानुभूतीने विचार करू नये, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
थंडोबा